दिव्याभोवतीचं खळं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या वडिलांनी आणि काकांनी, दोघांनीही डोळे तपासायच्या तक्त्यावरची ६/६ ची, म्हणजे निकोप नजरेची ओळ बिनचूक वाचली. पण एका संध्याकाळी सांगलीत कृष्णेच्या घाटावर वडील सरसर उतरले आणि काका तिसऱ्या पायरीवर थबकले. काळ्या दगडाची कड कुठे संपते, तेच त्यांना कळेना. घरी आल्यावर मात्र काकांनी पंचांगातला बारीक मजकूर चष्म्याशिवाय वाचला, आणि वडील चष्मा शोधत राहिले.

ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढुळलेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. वडिलांच्या डोळ्यांत मोनोफोकल भिंग आहे, काकांच्या मल्टिफोकल. मोनोफोकल जवळजवळ सगळा प्रकाश एकाच अंतरासाठी वापरतं, बहुधा लांबच्या. म्हणून वाचायला चष्मा लागतो. बहुतेक मल्टिफोकलवर वर्तुळाकार बारीक खाचा असतात आणि त्या प्रकाशाची वाटणी करतात. दोन अंतरांत समान वाटणी करणाऱ्या भिंगात प्रत्येकी सुमारे ४१ टक्के प्रकाश मिळतो, उरलेला वाया जातो. शिवाय डोळ्याच्या पडद्यावर एका वेळी दोन प्रतिमा पडतात. हवी ती स्पष्ट, आणि तिच्यावर दुसरीची धूसर साय. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली तर ही साय जाणवत नाही. करड्यावर करडं असलं की जाणवते. तक्ता ६/६ सांगतो, पण पायरीची कड सांगत नाही, ते यामुळेच.

रात्री तर पेठ नाक्याहून सांगलीकडे येताना काकांना समोरच्या प्रत्येक ट्रकच्या दिव्याला खळं पडलेलं दिसायचं, पावसाळ्यात चंद्राला पडतं तसं. ते खळं म्हणजे जवळच्या अंतरासाठी राखलेल्या प्रकाशाने उमटलेली त्याच दिव्याची पसरट प्रतिमा. मेंदूला हळूहळू सवय होते. काही महिन्यांत काकांचं खळं फिकं झालं, पण गेलं नाही.

‘एडॉफ’ भिंगं या दोन्हींच्या मधली. ती प्रकाशाचे तुकडे करण्याऐवजी स्पष्टतेचा पट्टा लांबवतात. मोबाइल, ताटातलं जेवण छान दिसतं, अगदी बारीक छपाईला मात्र चष्मा लागू शकतो. मोनोफोकलमध्येही साधं आणि अ‍ॅस्फेरिक असा फरक आहे. साध्या गोल भिंगाच्या कडेचे किरण जास्त वळतात आणि अंधारात बाहुली मोठी झाली की प्रतिमा पसरते. अ‍ॅस्फेरिकचा आकार हा दोष सावरतो.

१९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेव्हा असं निवडायला काही नव्हतंच. आज आहे, आणि आपण ती निवड किमतीवर करतो, याचं मला वाईट वाटतं. रात्री गाडी चालवता का, हे काकांना आधी कुणी विचारलंच नाही.

आता आईची पाळी आहे. मधुमेहामुळे तिच्या पडद्याला आधीच इजा झाली आहे. अशा डोळ्याला प्रकाशाची वाटणी परवडत नाही, म्हणून मोनोफोकलच ठरलं. “सुई ओवायला चष्मा लावीन की,” ती म्हणाली, “पण घाटावर मला कुणाचा हात नको.”