कान, नाक, घसा : तिघांचा डॉक्टर एक कसा झाला

मुलाचा कान फुटला, बाईंची सर्दी हटेना, आजोबांचा आवाज महिनाभर बसलाय. तिन्ही तक्रारी घेऊन आपण एकाच दवाखान्याची पायरी चढतो. पाटीवर ‘कान-नाक-घसा’ असं लिहिलेलं असतं आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. वाटायला हवं. दीडशे वर्षांपूर्वी युरोपात कानाचा डॉक्टर घशात बघत नसे आणि घशाचा डॉक्टर कानाला हात लावत नसे. नाकाला तर धड वालीच नव्हता. आपल्याकडे आयुर्वेदाने शालाक्यतंत्रात मानेच्या वरचे सगळे रोग एकत्र घेतले होते, डोळ्यांसकट. पण आजचा ‘ईएनटी’ विभाग त्या वाटेने आलेला नाही. तो आला वेगळ्याच भांडणांतून आणि जोडकामांतून.

नाकापासून सुरुवात करू, कारण नाकाच्या शस्त्रक्रियेतला एक मोठा टप्पा पुण्याजवळ घडला. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक गाडीवान होता. तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. ते होताना मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली.

त्यातला तपशील वाचण्यासारखा आहे. कारागिराने पातळ मेणाची पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून हव्या त्या नाकाचा आकार घेतला, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि भोवती रेघ मारली. रेघेवरून कातडं सोडवलं, पण दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. जुन्या जखमेची कड खरवडून ताजी केली, कपाळाचं कातडं पिरगाळून खाली आणलं आणि त्या खाचेत बसवलं. टाका एकही नाही. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक दाबल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापली.

सुश्रुतसंहितेतही कापलेल्या नाकाची दुरुस्ती आहे. ती येते कान टोचण्याच्या आणि फाटलेली कानाची पाळी सांधण्याच्या अध्यायात, आणि तिथे कातडं गालाचं घ्यायला सांगितलंय, कपाळाचं नव्हे. पुण्याच्या कारागिराच्या हाती आलेली विद्या त्या ग्रंथाची थेट नक्कल नव्हती, असं म्हणायला जागा आहे. त्याचं नाव मात्र त्या हकीकतीत नाही. रुग्णाचं नाव छापलं गेलं, करणाऱ्याचं राहून गेलं. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हीच रीत आधी प्रेतांवर घोटली, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कपाळाचं कातडं वापरण्याची ही पद्धत, सुधारलेल्या रूपात, आजही वापरली जाते.

म्हणजे बाहेरचं नाक नव्याने उभं करता येत होतं. आत काय चाललंय हे बघायची सोय नव्हती. कानाचं आणि घशाचंही दुखणं तेच. तिन्ही ठिकाणी भोक लहान, आत काळोख.

कानाला पहिला आसरा मिळाला तो डोळ्याच्या घरात. लंडनमध्ये १८०५ साली डोळे आणि कान यांसाठी धर्मादाय दवाखाना निघाला, १८२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तसाच एक. डब्लिनमध्ये डोळे-कानाचं रुग्णालय काढणारे विल्यम वाइल्ड म्हणजे नाटककार ऑस्कर वाइल्डचे वडील. या जोडीत डोळा थोरला आणि कान धाकटा. डोळ्याच्या डॉक्टरांना मोतीबिंदू काढून माणसाला दिसायला लावता येत होतं. बहिऱ्याला ऐकू आणणं कुणालाच जमत नव्हतं. त्यामुळे कान हे वैदूंचं कुरण होऊन बसलं होतं.

जे थोडेफार प्रयोग झाले त्यांतला एक तर डॉक्टरचाही नाही. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या युस्टाकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. सर्दीत कानाला दडे बसतात ते ही नळी बंद झाल्यामुळे. व्हर्सायचे पोस्टमास्तर गुयो यांनी तोंडातून वाकडी नळी घालून हा मार्ग धुण्याचं उपकरण बनवलं आणि १७२४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. पोस्टमास्तरांकडून शिकायचं म्हणजे जरा जडच, त्यामुळे डॉक्टरांनी लगेच काही ते उचललं नाही.

कानामागचं हाड उघडण्याची गोष्ट याहून वाईट. आतला पू वाहून जावा म्हणून हे हाड पोखरण्याचे काही प्रयत्न अठराव्या शतकात यशस्वी झाले होते. मग १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजाचे वैद्य बेर्गर यांनी बहिरेपण आणि कानातला आवाज जावा म्हणून ते स्वतःवर करून घेतलं आणि काही दिवसांत मेंदूच्या आवरणाला सूज येऊन ते गेले. पू नसताना केलेली शस्त्रक्रिया, चुकीच्या कारणासाठी. पण बदनाम झाली ती शस्त्रक्रियाच. पुढची कितीतरी वर्षं तिचं नाव कुणी काढेना. जर्मनीतल्या हाले गावच्या श्वार्त्झे यांनी १८७३ मध्ये ती कधी करावी आणि कशी करावी हे नीट मांडलं तेव्हा ती परत आली. मधल्या काळात कान फुटून पू मेंदूपर्यंत गेलेले किती जण नुसत्या भीतीपायी दगावले असतील!

घशाची कथा पूर्ण वेगळ्या घराण्यातली. स्वरयंत्र जिवंत माणसात हलताना नीट पाहून दाखवलं ते मान्वेल गार्सिया या गायनाच्या शिक्षकाने. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा घेतला, गरम करून पडजिभेला टेकवला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून स्वतःच्याच स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला. त्यांना रोग शोधायचा नव्हता, सूर कुठून निघतो ते बघायचं होतं.

रोग शोधायला तो आरसा व्हिएन्नाच्या ट्युर्क यांनी घेतला. १८५७ च्या उन्हाळ्यात त्यांनी रुग्णांवर करून पाहिलं, मग आभाळ भरलं आणि ऊन मिळेना म्हणून आरसे ठेवून दिले. ते चेर्माक नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी मागून नेले, दिवा लावून काम चालू केलं आणि गाजवलं. मग शोध कुणाचा यावरून दोघांत जे जुंपलं त्याला ‘ट्युर्क युद्ध’ असंच नाव पडलं. तेव्हापासून दिव्याचा उजेड आत टाकणारा, मधे बघायला भोक पाडलेला गोल आरसा हे या डॉक्टरांचं ओळखचिन्ह झालं. कानात उजेड टाकायला तसा आरसा जर्मनीत हॉफमान यांनी १८४१ मध्येच वापरला होता, फक्त तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

घसा बघणारे हे लोक बहुतेक छातीच्या रोगांचे, म्हणजे औषध देणारे डॉक्टर. कानवाले चाकू चालवणारे. दोघांची उठबस वेगळी, संस्था वेगळ्या. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात घशासाठी १८७० मध्ये आणि कानासाठी १८७३ मध्ये दोन स्वतंत्र विभाग निघाले.

त्यांना जोडलं ते मुख्यतः कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांच्या बोटाने. विशीतली एक मुलगी त्यांच्याकडे आली. कमी ऐकू येत होतं आणि बोलणं नाक चोंदल्यासारखं. मायर यांनी टाळूच्या मागून वर बोट घालून चाचपलं तर नाकाच्या मागे मऊ गोळ्यांचा गठ्ठा लागला. त्यांनी कडीसारखं छोटं पातं बनवून ते नाकातून आत नेलं आणि गठ्ठा खरवडून काढला. १८६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. लहान मुलांचे ‘अॅडेनॉइड्स’ म्हणतात ते हेच. तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं, वर्गात लक्ष नाही म्हणून बोलणी खाणारं मूल पुष्कळदा मठ्ठ नसतं, त्याला ऐकू येत नसतं. तक्रार कानाची, कारण नाकामागे, वाट तोंडातून. आता वेगळं राहण्यात अर्थ उरला नव्हता.

तरी एकी काही लगेच झाली नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नात कोलर यांनी डोळा बधिर करायला कोकेन वापरलं आणि लगोलग ते घशातही वापरलं जाऊ लागलं. त्याआधी आरसा सहन व्हावा म्हणून रुग्णाला कित्येक दिवस सराव द्यावा लागे. आता घशातही हत्यार चालू लागलं. पण नुसत्या बघण्यावर किती भिस्त ठेवायची, याचा धडा १८८७ मध्ये मिळाला. जर्मनीच्या युवराजाच्या स्वरतंतूवर गाठ होती. बर्लिनच्या डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता आणि ते शस्त्रक्रियेच्या तयारीत होते. बोलावणं गेलं लंडनच्या मॉरेल मॅकेन्झी यांना. त्यांनी तुकडा काढला, तो बर्लिनचे नामांकित पॅथॉलॉजिस्ट फिर्कोव्ह यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया टळली. युवराज १८८८ च्या मार्चमध्ये तिसरा फ्रेडरिक म्हणून गादीवर आला तेव्हा गळ्याला भोक पाडून श्वास चालू होता. ९९ दिवसांत गेला. कर्करोगच होता. एका तुकड्यात काही सापडलं नाही म्हणून रोग नाही असं होत नाही, हे आज शिकाऊ डॉक्टरही सांगेल.

विसाव्या शतकात तिन्ही अवयव हळूहळू एका छताखाली आले, तरी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये कानाची शाखा वेगळी आणि नाक-घशाची वेगळी, हे जुनं ठाणं अजून टिकून आहे.

पुढे पेनिसिलिनने कानामागच्या हाडाची बरीच ऑपरेशनं वाचवली आणि कानाचे सर्जन जीव वाचवण्याकडून ऐकू आणण्याकडे वळले. स्टॉकहोममध्ये १९२१ मध्ये नायलेन यांनी कानाच्या ऑपरेशनला सूक्ष्मदर्शक आणला होता. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा स्टँडवरचा सूक्ष्मदर्शक आला आणि पडदा बसवणं आवाक्यात आलं. कानातलं सर्वांत लहान हाड, रिकीब, काही जणांत घट्ट होऊन बसतं. ते काढायचे प्रयोग १९०० च्या सुमारास धोकादायक ठरवून बंद पाडले गेले होते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसचे जॉन शे यांनी एका बाईचं ते काढून टेफ्लॉनचं बसवलं आणि तिला ऐकू येऊ लागलं. नाकात तसाच बदल दुर्बिणीने केला. पूर्वी गालाच्या पोकळीत शिरायला वरच्या ओठाखाली हिरडी कापून हाड फोडत. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या मेसरक्लिंगर यांनी नाकातूनच आत बघून सर्दीचं पाणी कुठे अडतं ते दाखवलं आणि १९८० च्या दशकात ती पद्धत जगभर गेली.

महाराष्ट्रात या दुर्बिणीची खरी ओळख सामान्य माणसाला झाली ती २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडमधून उठलेल्या मधुमेही रुग्णांना म्युकरमायकोसिस होऊ लागला. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि मेंदूकडे सरकते, आणि सडलेला भाग वेळेत काढला नाही तर नुसत्या औषधाचं चालत नाही. त्या महिन्यांत कान-नाक-घशाचे सर्जन नाकातून दुर्बीण घालून काळं पडलेलं काढत होते. शेजारी जबड्याचे सर्जन असत, आणि डोळा ठेवायचा की काढायचा हे ठरवायला डोळ्याचे डॉक्टर.