अमेरिकेत राज्याच्या पैशाने रेल्वेगाडी सुरू करायची तर: अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते लागतात

अमेरिकेत 750 मैलांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 1,200 किलोमीटरच्या आतल्या मार्गावर अ‍ॅमट्रॅकची (तिथल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीची) गाडी हवी असेल, तर तिचा तोटा राज्याला भरावा लागतो. 2008 च्या प्रवासी रेल्वे कायद्याच्या कलम 209 ने हा भार राज्यांवर टाकला. ऑक्टोबर 2013 पासून सगळ्या राज्यांना एकाच सूत्राने बिले जाऊ लागली. बोस्टन-न्यूयॉर्क-वॉशिंग्टन हा मुख्य मार्ग यातून वगळला आहे. आपल्याकडे अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाच्या बांधकामाचा निम्मा खर्च महाराष्ट्र सरकारने उचलला. गाडी तोट्यात चालली तर तो रेल्वेचा प्रश्न. तिथे मात्र गाडी धावते तोवर राज्याचा खिसा रिकामा होत राहतो. अर्ज करताना पहिला विचार याचाच करावा.

अर्ज कोण करू शकतो?
अर्ज करायचा तो ‘कॉरिडॉर आयडी’ या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कार्यक्रमात. व्यक्ती किंवा प्रवासी संघटना नाही. राज्य सरकार, राज्यांचा गट, आंतरराज्य करारातून स्थापन झालेली संस्था, प्रादेशिक रेल्वे प्राधिकरण, शहर किंवा काउंटी, मान्यताप्राप्त आदिवासी जमातीचे सरकार आणि खुद्द अ‍ॅमट्रॅक, हे पात्र. नवा मार्ग, चालू मार्गाची सुधारणा आणि बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे, तिन्ही चालते.

तीन टप्पे
2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातून ‘कॉरिडॉर आयडी’ हा प्रवासी मार्ग निवडून त्यांची आखणी करण्याचा कार्यक्रम आला. तो फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे केंद्राची रेल्वे यंत्रणा, चालवते. डिसेंबर 2023 मध्ये पहिल्या निवडीत 44 राज्यांतले 69 मार्ग घेतले गेले. पहिल्या टप्प्यात 5 लाख डॉलरपर्यंत मिळतात, स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. त्यात फक्त पुढच्या आराखड्याची व्याप्ती, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ठरते. दुसऱ्यात सेवा विकास आराखडा, हिस्सा किमान 10 टक्के. तिसऱ्यात प्राथमिक अभियांत्रिकी आणि पर्यावरण परीक्षण, हिस्सा 20 टक्के. यादीत नाव आले म्हणून पेढे वाटू नयेत. रूळ-स्थानकांच्या कामाचे पैसे वेगळ्या अर्जाने मागायचे असतात.

कागदपत्रे
सॅम या फेडरल नोंदणी पोर्टलवरची नोंदणी आणि तिथे मिळणारा यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, आधी काढून ठेवा. फेडरल अनुदान त्याशिवाय मिळत नाही. राज्याच्या रेल्वे आराखड्यात या मार्गाचा उल्लेख आहे का, हे निवडीच्या वेळी पाहिले जाते.

खरा जाड दस्तऐवज म्हणजे सेवा विकास आराखडा. दिवसाला किती फेऱ्या, सरासरी आणि कमाल वेग, प्रवासाचा वेळ, अपेक्षित प्रवासी आणि उत्पन्न, वार्षिक चालन खर्च, लागणाऱ्या कामांची क्रमवार यादी, अपंगांसाठीच्या सोयी, सगळे त्यात आकड्यांसह लागते. त्यातही आधी वाचावे ते आर्थिक प्रकरण: तोटा कोण, कोणत्या निधीतून, किती वर्षे भरणार?

रूळ दुसऱ्याचे
ईशान्येचा मार्ग सोडला तर अ‍ॅमट्रॅकच्या बहुतेक गाड्या खासगी मालवाहू कंपन्यांच्या रुळांवर धावतात. तिथे गाडी चालवण्याचा हक्क अ‍ॅमट्रॅकला कायद्याने आहे, इतर चालकांना तो नाही. म्हणून राज्ये सहसा तिच्याशीच करार करतात. हक्क असूनही भांडण होतेच. न्यू ऑर्लिन्स-मोबील सेवा 2005 च्या कतरिना वादळात बंद पडली. ती परत आणण्यासाठी लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा यांचे सदर्न रेल कमिशन झटत होते. मालवाहू कंपन्यांशी आणि मोबीलच्या बंदराशी वाद सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या रेल्वेचे वाद सोडवणाऱ्या फेडरल मंडळापुढे गेला, नोव्हेंबर 2022 मध्ये तडजोड झाली. तरी मोबील शहराच्या कौन्सिलने ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या वाट्याच्या पैशाला मंजुरी देईपर्यंत घोडे अडलेलेच होते. मुक्कामी गाडीने मालगाड्यांची वाट अडवू नये म्हणून तिथे वेगळा रूळ टाकावा लागला. 18 ऑगस्ट 2025 ला गाडी सुटली, रोज दोन फेऱ्या.

चालन खर्चाला आधार
नव्या सेवेसाठी वेगळे फेडरल अनुदान आहे, कमाल सहा वर्षे. पहिल्या वर्षी निव्वळ चालन खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत, मग 80, 70, 60, 50 आणि सहाव्या वर्षी 30. सातव्या वर्षी शून्य! या उतरत्या आकड्यांसमोर राज्याच्या अर्थसंकल्पातली चढती तरतूद दाखवता आली नाही, तर अर्ज कितीही देखणा असो, उपयोग नाही.

इंडियानाने तेच भोगले. शिकागो-इंडियानापोलिस ‘हूझिअर स्टेट’ आठवड्यातून चार दिवस धावे. जवळपास 315 किलोमीटरला पाच तास लागत, मोटारीपेक्षा जास्त. विधिमंडळाने निधी थांबवला आणि 30 जून 2019 ला शेवटची फेरी झाली. आता तोच मार्ग कॉरिडॉर आयडीच्या यादीत आहे.

तिथे राहणाऱ्यांनी काय करावे?
ऑनलाइन सह्यांच्या मोहिमेपेक्षा राज्याच्या रेल्वे आराखड्यावर लेखी हरकत-सूचना द्यावी. तो दर चार वर्षांनी नव्याने सादर होतो आणि मसुदा लोकांसाठी खुला केला जातो. सूचनेत मार्ग, स्थानक आणि कोणत्या वेळेची गाडी हवी, हे नेमके लिहा. प्रत आपल्या भागाच्या राज्य विधिमंडळ सदस्याला पाठवा. तोट्याची तरतूद दरवेळी मंजूर करणार आहेत ते तेच.