अभ्यागत वैकल्पिक सत्र (नेत्रवैद्यक)

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने आपले महाविद्यालय तात्पुरते सोडून दुसऱ्या संस्थेच्या नेत्रविभागात, स्वतः विषय निवडून, ठरावीक आठवडे घेतलेले प्रशिक्षण. विद्यार्थी त्याला नुसते ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. मराठीत ‘ऐच्छिक सत्र’ असाही शब्द चालतो. पण सत्र करणे सक्तीचे आहे, निवड असते ती विषयाची. म्हणून ‘वैकल्पिक’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. ‘ऑब्झर्व्हरशिप’ ही वेगळी गोष्ट. तीत विद्यार्थी बाजूला उभा राहून पाहतो, रुग्णाला हात लावत नाही. अर्ज करतानाच या दोहोंची गल्लत होते आणि सत्र संपल्यावर मोठी निराशा पदरी पडते.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. नेत्रवैद्यकाचे इतिहासकार तो एकोणिसाव्या शतकातील युरोपात शोधतात. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाची सुरुवात १८०५ ची. व्हिएन्नात गेओर्ग योसेफ बेअर यांचे नेत्रचिकित्सालय १८१२ चे. बेअर यांचे प्राध्यापकपद मात्र काही वर्षांनंतरचे असल्याने तेथील अध्यापनाचा आरंभ कधी धरावा यावर मतभेद आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप १८५० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये मांडला आणि त्यावरची पुस्तिका १८५१ मध्ये निघाली, त्यामुळे संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात. या यंत्राने डोळ्याचा आतला भाग प्रथमच जिवंतपणी दिसू लागला. ते वापरायला शिकण्यासाठी देशोदेशींचे वैद्य नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फोन ग्रेफ यांच्या बर्लिनमधील चिकित्सालयात येऊ लागले, आणि हेच पहिले अभ्यागत, असे या पक्षाचे म्हणणे.

शिक्षणशास्त्राचे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. ते मूळ नेतात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाकडे. चार्ल्स एलियट यांनी तेथील आपल्या दीर्घ अध्यक्षपदाच्या काळात (१८६९–१९०९) विषय निवडण्याची मुभा रुजवली. वैद्यकात ती बरीच उशिरा उतरली. ब्रिटनमध्ये वैद्यकीय शिक्षणावरील टॉड आयोगाचा अहवाल (१९६८) आला त्या सुमारास आणि त्यानंतर ती रूढ होत गेली असे दिसते. बर्लिनला जाणारे बहुतेक जण आधीच डॉक्टर झालेले होते, विद्यार्थी नव्हते. त्यामुळे हे दुसरे मत स्वीकारणे बरे. तरी नेत्रवैद्यकापुरते पहिल्या मतातही तथ्य आहे, कारण हा विषय नजरेने आणि हाताने शिकायचा आहे आणि त्यासाठी जिथे रुग्ण व शिकवणारा दोन्ही असतील तिथे जावेच लागते.

अमेरिकेत अशा सत्रांचे अर्ज वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या व्हीएसएलओ या यंत्रणेमार्फत होतात. नेत्रवैद्यकातील निवासी (पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) पदांची निवड तेथे एसएफ मॅच या स्वतंत्र प्रक्रियेने होते. त्यामुळे बाहेरच्या विभागात केलेल्या कामाला आणि तिथून मिळालेल्या शिफारसपत्राला वजन असते.

भारतात वैकल्पिक सत्र नियमात आले ते भारतीय वैद्यक परिषदेच्या २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने. तिसऱ्या एमबीबीएसचा पहिला भाग संपल्यावर चार-चार आठवड्यांचे दोन खंड ठेवले गेले. पहिला मूलभूत शास्त्रांत किंवा संशोधनात, दुसरा चिकित्सा विभागात अथवा समाजातील दवाखान्यात. ७५ टक्के उपस्थिती आणि भरलेले लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) यांशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा काळ एक महिना, म्हणजे प्रत्येकी पंधरा दिवस, केला. रविवार वजा जाता हाती बारा-तेरा ओपीडी उरतात. नेत्रवैद्यकासाठी ही कपात जाचक आहे. कारण पुढे येतेच. नियमाचा भर आपल्याच संस्थेने तयार केलेल्या यादीवर आहे. दुसऱ्या गावी जायचे तर आपल्या अधिष्ठात्यांची परवानगी आणि तिकडच्या विभागप्रमुखांची संमती ही दोन्ही पत्रे हातात असावी लागतात.

इंदूरमध्ये या सत्रांचे केंद्र महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, गावकऱ्यांच्या तोंडी ‘एमवाय’. महाविद्यालयाचे स्थापनावर्ष साधारणतः १९४८ दिले जाते. काही लेखक मात्र रेसिडेन्सी भागात १८७८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे किंग एडवर्ड यांचे नाव मिळालेल्या वैद्यकशाळेपासून परंपरा मोजतात. शाळा आणि पदवी महाविद्यालय यांचा दर्जा वेगळा असल्याने १९४८ हेच वर्ष धरणे योग्य. पण इंदुरात वैद्यकाचे अध्यापन त्याहून जुने आहे, हे विसरू नये. डोळ्यांसाठी शासकीय ‘स्कूल ऑफ एक्सलन्स फॉर आय’ ही संस्थाही याच महाविद्यालयाच्या अखत्यारीत आहे. खासगी विश्वस्त संस्थांपैकी चोइथराम नेत्रालय आणि शंकरा नेत्र रुग्णालय परिचित आहेत.

खानदेशातून, बऱ्हाणपुरातून येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंदूर परके वाटत नाही. वसतिगृहात जागा नसली तर रामबागेत किंवा लोकमान्य नगरात कुणी ना कुणी मावशी-आत्या निघतेच. ओपीडीत मात्र माळवी, निमाडी, भिली अशा बोली कानावर पडतात. मधूनच राजवाड्याकडच्या एखाद्या आजी मराठीत सांगतात, ‘बाळा, लांबचं दिसतं रे, पण सुईत दोरा ओवत नाही.’ सहा मीटरवरच्या तक्त्यावर ६/९ (म्हणजे लांबची नजर जवळजवळ पूर्ण) लिहून मोकळा झालेला विद्यार्थी तेव्हा कुठे जवळची नजर तपासायला शिकतो.

सत्राचा गाभा डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपने डिस्क, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथे दृष्टीची नस दिसते ते गोल ठिकाण, पाहणे हा आहे. बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब घालण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या : बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया, आणि टॉर्च बाजूने धरून डोळ्याचा पुढचा कप्पा (बुबुळापुढची जागा) उथळ नाही ना. थेंबांना वीस-तीस मिनिटे द्यायची. रुग्णाचा उजवा डोळा पाहताना यंत्र उजव्या हातात, आपल्या उजव्या डोळ्याशी धरायचे. हातभर अंतरावरून, किंचित बाहेरच्या बाजूने, बाहुलीत लालसर झळक दिसते. ती न सोडता पुढे सरकायचे, यंत्र धरलेली बोटे रुग्णाच्या गालाला टेकेपर्यंत. मग एखादी रक्तवाहिनी सापडते. तिचे फाटे जिकडे एकत्र होतात तिकडे नजर नेत गेले की डिस्क येते. प्रतिमा सुमारे १५ पट मोठी आणि सुलट असते, पण एका वेळी दृष्टिपटलाचा लहानसाच तुकडा दिसतो. वीस डायॉप्टरचे भिंग घेऊन केलेल्या इनडायरेक्ट तपासणीत प्रतिमा तीनच पट मोठी, उलटी, पण ऐसपैस. नवख्याने दुसऱ्या पद्धतीच्या मोहात लवकर पडू नये.

कप-डिस्क गुणोत्तर (डिस्कच्या मधल्या खळग्याचे तिच्या आकाराशी प्रमाण) ०.३ च्या आसपास असणे नेहमीचे. दोन डोळ्यांत ०.२ हून अधिक फरक असेल तर काचबिंदूचा संशय घ्यावा. तीच डिस्क पाहून पहिल्या आठवड्यात तीन विद्यार्थी ०.४, ०.५ आणि ०.७ असे तीन आकडे देतात. वरिष्ठांच्या आकड्याशी आपला आकडा जुळू लागायला रोज पाच-सहा डिस्क, त्याही एकाच शिक्षकाच्या हाताखाली, पाहाव्या लागतात. पंधरा दिवसांत हे कसेबसे साधते, चार आठवड्यांत सहज साधत असे.

शस्त्रक्रियागृहात विद्यार्थ्याचे काम स्वच्छ होऊन पाहण्यापुरते, फार तर मदतीचे. मोतीबिंदूचे टप्पे सूक्ष्मदर्शकाच्या सहायक नळीतून पाहता आले तर अधिक उमगतात.

महिना निवडण्याची मोकळीक असेल तर माळव्यात सोयाबीनची काढणी चालते तो सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ पाहावा. काडी, फोल किंवा पान डोळ्यात लागून पारपटलावर (कॉर्नियावर) बुरशीजन्य व्रण झालेले शेतकरी त्या दिवसांत अधिक येतात. व्रणाच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, पृष्ठभाग कोरडा, करडा. काहींनी गावात स्टेरॉइडचे थेंब आधीच घातलेले असतात आणि व्रण बळावलेला असतो. अशा वेळी ‘काय लागलं आणि आजवर काय घातलं’ हे रुग्णाच्या बोलीत नीट विचारून घेणे आणि खरवडून घेतलेल्या नमुन्याची केओएच स्लाइड (बुरशी दिसण्यासाठी केलेली) तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही दोन कामे विद्यार्थ्याकडे सोपवली जातात.