डायोग्नेटसला पत्र

प्राचीन ग्रीक भाषेतले एक छोटे ख्रिस्ती पत्र. लेखकाचे नाव हरवले आहे. बहुतेक अभ्यासक ते इ. स.च्या दुसऱ्या शतकातले मानतात. अध्याय बारा आहेत, पण शेवटचे दोन मूळ पत्रातले नसावेत. ज्याला ते लिहिले तो डायोग्नेटस कोण, हेही निश्चित नाही. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या एका शिक्षकाचे नाव हेच होते, म्हणून काहींनी त्याच्याकडे बोट दाखवले. मात्र त्याला आधार केवळ नामसाधर्म्याचा आहे.

प्राचीन काळातल्या एकाही ख्रिस्ती ग्रंथकाराने या पत्राचा उल्लेख केलेला नाही. १४३६च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये थॉमस द अरेझ्झो या तरुण धर्मगुरूला एका मासळीच्या दुकानात, माल गुंडाळायच्या रद्दी कागदांत, एक हस्तलिखित सापडले. त्यात हे पत्र होते. पुढे ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, तिथून मानवतावादी पंडित योहानेस रॉइखलिन याच्याकडे आणि शेवटी स्ट्रासबुर्गच्या ग्रंथालयात पोहोचले. फ्रेंच मुद्रक आंरी एस्तिएन याने १५९२ मध्ये पत्र प्रथम छापले. फ्रान्स-प्रशिया युद्धात २४ ऑगस्ट १८७० रोजी तोफांच्या माऱ्यात ग्रंथालय जळाले आणि एकमेव हस्तलिखित राख झाले. तोवर त्याच्या नकला झाल्या होत्या, एवढेच नशीब.

पत्राची उभारणी डायोग्नेटसच्या प्रश्नांवर आहे. ख्रिस्ती लोक कोणत्या देवावर भरवसा ठेवतात आणि त्याला कसे भजतात, की ते जगाची पर्वा करीत नाहीत आणि मरणाला भीत नाहीत? त्यांची एकमेकांवर एवढी माया कशी? आणि ही नवी रीत आताच का आली, आधी का नाही? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. माझ्या मते पत्राचा सारा ईश्वरविचार त्याच्याच उत्तराभोवती फिरतो.

सुरुवातीचे अध्याय मूर्तिपूजेच्या आणि यहुदी रीतींच्या खंडनाचे आहेत. दगडाची मूर्ती आणि पायाखालचा दगड एकच, चांदीच्या मूर्तीला चोरांपासून राखायला पहारा लागतो, असे युक्तिवाद त्यांत येतात. यहुदी यज्ञ, शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि सुंता यांवरची टीका त्याहून कठोर आहे. ज्या देवाला काही लागत नाही त्याला आपण काही देतो असे समजणे वेडेपणाचे, हा तिचा गाभा. यहुदी श्रद्धेशी लेखक इथे न्यायाने वागलेला नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. हिब्रू शास्त्राशी त्याचे नातेही फार क्षीण दिसते.

पत्राची ख्याती पाचव्या आणि सहाव्या अध्यायांमुळे आहे. ख्रिस्ती लोक देशाने, भाषेने वा पेहरावाने वेगळे नाहीत. ते ज्या त्या शहरात तिथल्या चालीरीतींप्रमाणे राहतात. त्यांना प्रत्येक परदेश मायदेश आहे आणि प्रत्येक मायदेश परदेश. इतरांसारखेच ते लग्न करतात, त्यांना मुले होतात, पण जन्मलेले मूल ते टाकून देत नाहीत. ते कायदे पाळतात आणि आपल्या जगण्याने कायद्यांच्याही पुढे जातात. मग ती उपमा येते: देहात जसा आत्मा, तसे जगात ख्रिस्ती लोक. देह आत्म्याचा द्वेष करतो आणि आत्मा देहावर प्रेम करतो. तो देहात कोंडलेला असतो, पण देहाला धरून ठेवणारा तोच. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक दस्तऐवजातही ही उपमा आली आहे. पण या उपमेच्या तेजापुढे पुढचे तीन अध्याय झाकोळतात, आणि पत्राचा कणा तर तिथेच आहे.

देवाने माणसांकडे एखादा सेवक, दूत किंवा अधिकारी धाडला नाही. ज्याच्याकरवी आकाश घडले आणि समुद्राला हद्द पडली त्यालाच धाडले, असे सातवा अध्याय सांगतो. कशासाठी? दहशतीने राज्य करायला का? लेखक म्हणतो, नाही. राजाने राजपुत्राला पाठवावे तसे, सौम्यतेने. जबरदस्ती करायला नव्हे तर मन वळवायला, कारण बळजबरी देवाच्या ठायी नाही. छळ सोसणाऱ्या समाजातला माणूस हे लिहीत होता, हे ध्यानात घेतले की या वाक्याचे वजन कळते.

मग 'आताच का?' याचे उत्तर आठव्या अध्यायाच्या शेवटी आणि नवव्यात येते. देवाने आपला बेत आधीपासून आपल्या पुत्राजवळ उघड केला होता. इतरांपासून तो राखून ठेवला. मधल्या काळात त्याने माणसांना त्यांच्या वासनांच्या मागे जाऊ दिले. पापाची त्याला गोडी होती म्हणून नव्हे; स्वतःच्या बळावर देवाच्या राज्यात जाता येत नाही हे माणसाला कळावे म्हणून. लेखकाच्या लेखी हा विलंब म्हणजे धीर. माप भरले तेव्हा देवाने द्वेष केला नाही, आपलाच पुत्र खंडणी (सुटकेचे मोल) म्हणून दिला: पवित्र अपवित्रांसाठी, निर्दोष दोषींसाठी. इथे गद्य स्तोत्र होते: 'केवढी मधुर ही अदलाबदल!' अनेकांचे पाप एका नीतिमानात झाकले जाते, आणि एकाचे नीतिमत्त्व अनेकांना नीतिमान ठरवते. बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा सूर इथे सहज ओळखू येतो.

एक विशेष म्हणजे 'येशू' आणि 'ख्रिस्त' ही नावे पत्रात कुठेही नाहीत. पुत्र, तारणारा, आणि मराठी बायबल ज्याला 'शब्द' म्हणते तो लोगोस, असेच उल्लेख येतात. पवित्र आत्म्याचीही चर्चा नाही. बाहेरच्या वाचकाला आपले म्हणणे समजावे म्हणून लेखकाने ही भाषा निवडली असावी.

दहाव्या अध्यायात हा विचार आचरणात उतरतो. शेजाऱ्यावर सत्ता गाजवण्यात किंवा धन साठवण्यात सुख नाही, आणि देवाचे अनुकरणही नाही. जो दुसऱ्याचे ओझे उचलतो, आपल्याला मिळालेले गरजवंताला देतो, तो घेणाऱ्यासाठी जणू देवच होतो. एवढे धाडसी वाक्य त्या काळच्या ख्रिस्ती लेखनात विरळाच.

यानंतर मजकूर तुटतो. समोरच्या प्रतीत इथे खंड आहे, अशी टीप नकलकाराने लिहून ठेवली होती. पुढच्या दोन अध्यायांचा आवाज निराळा, प्रवचनासारखा आहे. त्यांत ज्ञानाचे झाड आणि जीवनाचे झाड शेजारी का लावले याचे विवेचन आहे: ज्ञान मारत नाही, मारते ते आज्ञाभंग, ज्ञानावाचून जीवन नाही आणि खऱ्या जीवनावाचून सुरक्षित ज्ञानही नाही.