खडी गंमत परदेशात नेण्याआधी : एक पार्श्वभूमी

खडी गंमत हा विदर्भातला तमाशाचा प्रकार किंवा झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, दंडार हे लोकनाट्य परदेशी रंगमंचावर नेण्याचा विषय नागपुरात निघाला की ‘तिकडच्या लोकांचे गैरसमज दूर होतील’ हे कारण हमखास पुढे केले जाते. हे कारण शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही.

बडोद्याचे गायक-वीणावादक इनायत खाँ १९१० साली भावंडांसह अमेरिकेला गेले ते रागसंगीताची ओळख करून देण्यासाठी. तिथे मात्र त्यांना रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या ताफ्यात साथ करावी लागली. जिच्या ‘राधा’ या गाजलेल्या नृत्याचे संगीत डेलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेरातले होते, तिच्याच ‘पौर्वात्य’ देखाव्याला अस्सल भारतीय वादकांमुळे खरेपणाचा शिक्का मिळाला!

१९५५ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून सरोदवादक अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले. त्या वेळी निघालेल्या रेकॉर्डवर मेन्युहिन यांनी स्वतःच्या आवाजात राग, ताल आणि वाद्यांची ओळख करून दिली, हे माझ्या मते त्या दौऱ्यातले सर्वांत शहाणपणाचे काम होते. पुढे तिकडे सतारीची लाट आली आणि भारत म्हटले की डोळ्यांसमोर येणारा जुना गारुडी जाऊन त्याच्या जागी नशेची धुंदी आली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत तर श्रोत्यांनी नुसत्या सूर जुळवण्यालाच टाळ्या दिल्या आणि रविशंकरांना त्यावर मिस्कील टोला द्यावा लागला.

या प्रवासात लोककला फार उशिरा आल्या. १९८५ च्या भारत महोत्सवात वॉशिंग्टनच्या मोकळ्या मैदानावर मेळाच भरवला गेला आणि लोककलावंत परदेशी प्रेक्षकांसमोर उभे राहिले. त्याच सुमारास देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाली. त्यांपैकी दक्षिण मध्य केंद्राचे मुख्यालय नागपुरात आले आणि विदर्भाच्या कलावंतांना गावाबाहेरच्या रंगमंचाकडे जाणारी एक सरकारी वाट मिळाली.

अडचण पुढची आहे. उभ्याने सादर होणारी, रात्र जागवणारी खडी गंमत शाहिराच्या हजरजबाबीपणावर आणि समोरून येणाऱ्या दादेवर चालते. तिला पंधरा मिनिटांत बसवले की ढोलकी, डफ आणि नाच्याचे लुगडे तेवढे उरते, म्हणजे परदेशी प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेले रंगीबेरंगी चित्रच. झाडीबोलीतला सवाल आणि त्यातली खोच त्याच्या भाषेत आधी उलगडून सांगणारा माणूस ताफ्यात हवा. १९५५ मध्ये ते काम मेन्युहिन यांनी केले होते.