कानावर खोचलेलं बॉलपेन

चीनमधल्या सर्वांत गाजलेल्या शेतकऱ्याच्या कानावर एक बॉलपेन खोचलेलं आहे. आपल्याकडे सुतार कानावर पेन्सिल खोचतो, किराणावाला पेन, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना त्यात वावगं काही वाटत नाही. चेहऱ्याकडे नीट पाहिलं की मात्र ते खुपायला लागतं. उन्हानं करपलेली कातडी, डोक्याला पांढरं मुंडासं, अर्धवट उघडं तोंड आणि त्यात शिल्लक राहिलेला एखादा दात. तडा गेलेला वाडगा दोन्ही हातांनी धरलाय, बोटं मुळ्यांसारखी. या माणसानं ते पेन कधी वापरलं असेल असं वाटत नाही. त्यानं ते खोचलेलंच नव्हतं.

लुओ झोंगली यांचं ‘पिता’ हे तैलचित्र 1980 सालचं. सिचुआन ललित कला संस्थेत शिकत असताना त्यांनी ते रंगवलं. उंची दोन मीटरहून अधिक, रुंदी दीड मीटरच्या आसपास, आणि एवढ्या जागेत जवळजवळ फक्त चेहरा. एवढ्या मापाचा एकच चेहरा तोवर लोकांना ठाऊक होता, माओंचा. चित्र प्रदर्शनाला पाठवताना प्रांतातल्या वरिष्ठांनी सुचवलं की हा शेतकरी जुन्या जमान्यातला, जमीनदाराच्या काळातला वाटतो, नव्या समाजातला आहे हे कळेल असं काहीतरी घाला. म्हणून कानावर पेन आलं. साक्षरतेचा पुरावा!

चित्राची सुरुवात याहून साधी आहे. 1975 सालच्या चिनी वर्षाखेरीची रात्र, थंडी आणि पाऊस. चोंगचिंगमध्ये लुओंच्या घराजवळच्या सार्वजनिक संडासापाशी एक खेडूत राखण करत बसला होता. शहरातला मैला म्हणजे सोनखत. आसपासच्या उत्पादन तुकड्या, म्हणजे सामुदायिक शेती करणारे गट, तो शेतासाठी नेत, आणि दुसऱ्या कुणी तो चोरू नये म्हणून माणूस बसवत. घरोघरी कुटुंबं जेवायला एकत्र जमलेली असताना हा तिथं हात बाह्यांत खुपसून बसलेला. लुओंनी आधी हाच राखणदार रंगवायला घेतला. मग विषय बदलत गेला. एका मसुद्याचं नाव होतं ‘दाणा न् दाणा कष्टाचा’. शेवटी चेहऱ्यासाठी त्यांना आठवला तो दाबा पर्वतातला शेतकरी, ज्याच्या घरी ते विद्यार्थी असताना राहिले होते. नाव ठेवलं ‘माझे वडील’. त्यातलं ‘माझे’ काढून टाकायला ज्येष्ठ चित्रकार वू गुआनझोंग यांनी सुचवलं. माझ्या मते या चित्राला बाहेरून मिळालेल्या दोन सल्ल्यांपैकी हा चांगला.

एका म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांनी एवढी खळबळ का उडावी, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. तैलरंग चीनला परके. शाई, कुंचला आणि कागद ही तिथली जुनी घडण. तिच्यात डोंगर-पाणी मोठं आणि माणूस त्यात कुठंतरी मुंगीएवढा. शरीर, स्नायू, घाम हे रंगवायचं शिक्षण युरोपातून आलं. ते आणणाऱ्यांत शू बेइहोंग महत्त्वाचे. पॅरिसला शिकून आलेल्या या चित्रकाराचा एक धागा आपल्याकडेही येतो. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ते शांतिनिकेतनात राहिले आणि 1940 साली दार्जिलिंगला त्यांनी ‘डोंगर हलवणारा वेडा म्हातारा’ हे भव्य चित्र पुरं केलं. दारासमोरचा डोंगर कुदळीनं खणून काढायला निघालेल्या म्हाताऱ्याची ही जुनी चिनी गोष्ट. खणणारे उघडेबंब, पिळदार गडी मात्र बरेचसे भारतीय, शांतिनिकेतनात भेटलेल्या माणसांवरून घेतलेले. जपानशी लढणाऱ्या चीनला धीर देणाऱ्या चित्रात राबणारी अंगं भारतीय असावीत, ही गंमत फारशी सांगितली जात नाही.

त्यानंतर 1942 सालच्या मे महिन्यात यानआन या साम्यवाद्यांच्या तळावर माओंनी कलेचं धोरण सांगून टाकलं: कला कामगार, शेतकरी आणि सैनिकांसाठी. साम्यवादी सत्ता आल्यावर शेतकरी कॅनव्हासवर हक्कानं आला. कसा, हे शिकवायला सोव्हिएत संघातून चित्रकार कॉन्स्तान्तिन मॅक्सिमोव आले. 1955 ते 1957 या काळात बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीत त्यांनी घेतलेल्या वर्गातून पुढच्या पिढीचे गुरू तयार झाले. झान ज्यानजुन यांचं ‘संसार उभारताना’ हे त्या वर्गातलं 1957 सालचं चित्र पाहण्यासारखं आहे. ओसाड माळावर वसाहत करायला आलेली तरुण पोरं सोसाट्याच्या वाऱ्यात तंबू उभारतायत, आणि कापड शिडासारखं फुगलंय. प्रचार आहेच, पण वारा खरा आहे.

सांस्कृतिक क्रांतीत तो वाराही गेला. चित्र लाल, लखलखीत, तेजस्वी हवं आणि नायक उंच, भव्य, निर्दोष. शेतकऱ्याचे गाल पिकल्या टोमॅटोसारखे. उत्तरेच्या ओसाड भागात पाठवलेल्या शेन ज्यावेइ यांनी 1974 साली सीमेवरच्या मनोऱ्यावर पहारा देणारे सैनिक रंगवले. प्रदर्शनाआधी त्या सैनिकांचे चेहरे दुसऱ्यांकडून पुन्हा रंगवून घेतले गेले, अधिक लाल, अधिक भरलेले. सहा वर्षांनी कानावर आलेलं बॉलपेन याच सवयीचं शेपूट म्हणायचं.

या काळानं नकळत एक गोष्ट केली. सुमारे पावणेदोन कोटी शहरी तरुण खेड्यांत धाडले गेले. त्यांतल्या हात चालणाऱ्या पोरांनी पोस्टरवरचा शेतकरी आणि शेजारच्या खाटेवर खोकणारा शेतकरी यांतलं अंतर रोज पाहिलं. लुओंनी स्वतः दाबा पर्वताच्या भागात दहाएक वर्षं काढली. 1978 साली बीजिंगला एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ग्रामीण चित्रांचं प्रदर्शन आलं, तेव्हा या मुलांनी छापील नकलांऐवजी प्रथमच मूळ रंग पाहिले. मातीचा रंग मातीसारखा लावता येतो, हे त्यांना तिथं दिसलं. चित्रकार चेन दानचिंग तिबेटमध्ये जाऊन आले आणि 1980 साली पदव्युत्तर शिक्षणाअखेर त्यांनी सात लहानशी चित्रं मांडली: गुराखी, यात्रेकरू, पोराला पाजणाऱ्या आया. कुणीच काही सिद्ध करत नाही, माणसं नुसती उभी आहेत. दुसरे एक चित्रकार, हे दुओलिंग (‘हे’ हे आडनाव), यांच्या ‘वसंतवारा जागा झाला’ या चित्रात वाळक्या गवतावर बसलेली एक खेड्यातली मुलगी, शेजारी म्हैस आणि कुत्रा. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथची छाया त्यावर स्पष्ट आहे. लुओंना मोठ्या चेहऱ्याची कल्पनाही चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराबद्दल मासिकात वाचूनच सुचली होती. उसनवारी होतीच, पण उसन्या भांड्यात शिजलं ते घरचं धान्य.

‘पिता’ला 1980-81च्या युवा कला प्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळालं, आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. टीकाही झाली: हा शेतकरी सुन्न दिसतो, याच्यात क्रांतीचं स्वप्न कुठाय? ज्या वर्षी सामुदायिक शेती मोडून कुटुंबांना जमीन कसायला मिळू लागली होती, त्या वर्षी हा प्रश्न विचारला जात होता. लुओ पुढे बेल्जियमला अँटवर्पला शिकून आले आणि दाबा पर्वतातच रमले. त्यांची नंतरची माणसं नदी ओलांडतात, पावसात आडोसा शोधतात, आणि रंग जत्रेतल्या खेळण्यांसारखे भडक. मला ती ‘पिता’पेक्षा जिवंत वाटतात.

दरम्यान खरा शेतकरी शेत सोडून निघाला होता. त्याला तिकडे नोंगमिनगोंग म्हणतात, म्हणजे शेतकरी-मजूर. शहरात आयुष्य गेलं तरी शब्दातला शेतकरी सुटत नाही. त्याचा चित्रकार लिऊ शियाओदोंग. यांगत्सेवरच्या तीन घळींच्या धरणानं तेरा लाखांच्या आसपास माणसं उठवली. 2005 साली लिऊ फेंगजिये या अर्ध्या पाडलेल्या गावात गेले, नदीकाठच्या एका इमारतीच्या गच्चीवर दहा मीटर लांबीचा कॅनव्हास लावला आणि पाडकाम करणाऱ्या अकरा मजुरांना समोर बसवून रंगवलं. चित्रपट दिग्दर्शक जिया झांगके यांनी ते सगळं चित्रित केलं. मागं डोंगर आणि पाणी आहे, शेकडो वर्षं शाईनं रंगवलेलंच. पुढं चड्डीवरची माणसं. काम चालू असतानाच त्यांतला एक मजूर पाडकामात दगावला, आणि लिऊ त्याच्या घरी भेटवस्तू घेऊन गेले. याच धरणाच्या विस्थापितांवरचं त्यांचं आधीचं एक चित्र 2006 साली बीजिंगच्या लिलावात 2 कोटी 20 लाख युआनला गेलं.

फेंगजियेच्या चित्रात मात्र कुणीच राबत नाही. गच्चीवर गादी टाकलीय आणि तिच्यावर पत्त्यांचा डाव रंगलाय.