भिशीला तारणारी निंदा

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्यनगरात किंवा सुदामानगरात चालणारी एखादी भिशी घ्या. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये. ठरलेल्या दिवशी एकीच्या घरी सगळ्या जमतात, नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडतात, घरातलं एखादं लहान मूल त्यातली एक उचलतं आणि जिचं नाव निघेल तिच्या हातात २४,००० रुपये येतात. मग पोहे, वरून शेव आणि जिरावन, चहा, गप्पा. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी डब्यात नसते, पण तिचे दोन हजार मात्र यायलाच हवेत, थेट बाराव्या महिन्यापर्यंत.

हिशेब नीट पाहिला तर जिचं नाव पहिल्यांदा निघालं तिला बिनव्याजी कर्ज मिळालेलं असतं. तिने दोन हजार घातले आणि चोवीस उचलले. उरलेले बावीस हजार ती पुढे फेडणार. जिचं नाव शेवटी निघेल ती अकरा महिने बाकीच्यांना उसने देत राहते. जामीन नाही, करार नाही, फार तर एका वहीतल्या सह्या. पहिलीने दुसऱ्याच महिन्यात हात वर केले तर बावीस हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? प्रत्येक जण फक्त स्वतःचा फायदा बघतो असं धरलं, तर भिशी दोन महिनेसुद्धा टिकू नये. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, आणि ती फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. आफ्रिका, पूर्व आशिया, लॅटिन अमेरिका इथेही वेगवेगळ्या नावांनी हीच व्यवस्था चालते. टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली तिचं गणित मांडलं. एकटीने पैसे साठवून फ्रिज घ्यायचा तर बारा महिने थांबावं लागतं. भिशीत शेवटची सोडली तर प्रत्येकीला तो आधीच मिळतो. आणि पैसे उचलून गायब होण्याचा जो मोह आहे, त्याला लगाम घालतो तो शेजारपाजारचा, ओळखीपाळखीचा दबाव.

दबाव हा शब्द मोघम आहे. प्रत्यक्षात तो ज्या दोन गोष्टींचा बनलेला असतो, त्यांना आपण पाप म्हणतो किंवा निदान दुर्गुण तरी म्हणतो. एक राग आणि दुसरी पाठीमागची निंदा. क्रोध तर षड्रिपूंत बसलेलाच आहे, आणि परनिंदा करू नये हे लहानपणापासून आपल्या कानांवर पडलेलं असतं. माझं म्हणणं असं की समाजातला बराचसा विश्वास या दोन दुर्गुणांच्या खांद्यावर उभा आहे. गेल्या तीस वर्षांतल्या प्रयोगांनी हे पुष्कळसं दाखवूनही दिलं आहे.

नवी भिशी लावायची वेळ आली की एकेका नावावर बोलणं होतं. ‘त्यांना घ्यायचं का?’ ‘नको गं बाई, मागच्या खेपेस नंबर लागला आणि पुढे तीन महिने फोनच उचलत नव्हत्या.’ ‘अगं, पण तेव्हा त्यांच्याकडे दवाखाना चालला होता ना?’ ‘हो, तेही खरंच. नंतर सगळे फेडले म्हणा, एक पैसा बुडवला नाही.’ एवढ्याशा बोलण्यात एका बाईची पत ठरली. बँक हेच काम सिबिल स्कोअर नावाच्या ३०० ते ९०० मधल्या एका आकड्याने करते. पण त्या आकड्याला घरातलं आजारपण कळत नाही, आणि ज्या बाईने आयुष्यात कधी बँकेकडून कर्ज घेतलेलं नाही तिच्याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. ओट्यावरच्या या बोलण्याला दोन्ही कळतं. ज्या बाईबद्दल हे चाललं आहे ती तिथे हजर नाही, म्हणजे व्याख्येने ही निंदाच.

मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड या दोघांनी १९९८ मध्ये या व्यवहाराचं गणिती प्रारूप मांडलं. मी तुझं काम केलं, उद्या तू माझं कर, ही देवघेव सोपी आहे. पण माणसं पुन्हा भेटणार नाहीत अशांनाही मदत करतात. ते कसं टिकतं? मी तुला मदत केली हे तिसऱ्याला कळतं, माझं नाव चांगलं होतं आणि उद्या तो तिसरा मला मदत करतो. या साखळीत एक कडी अत्यावश्यक आहे: कोण कसं वागलं ही खबर फिरली पाहिजे. खबर थांबली की फसवणाऱ्याचं फावतं.

मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार तर म्हणतात की भाषा निर्माण होण्यामागचं एक मोठं कारण हेच असावं. माकडं एकमेकांच्या अंगावरच्या उवा आणि घाण टिपत नाती जपतात. काही जातींत जागेपणीचा पाचवा हिस्सा वेळ त्यातच जातो. टोळी मोठी झाली तर एवढा वेळ आणायचा कुठून? बोलता येऊ लागल्यावर एकाच वेळी तिघाचौघांशी नातं राखता येतं आणि जे समोर नाहीत त्यांचीही वार्ता मिळते. हे डनबार यांचं अनुमान आहे, सगळ्यांना ते मान्य नाही. मात्र त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लोकांचं सहज चाललेलं बोलणं ऐकून १९९७ साली जी नोंद प्रसिद्ध केली ती अनुमान नाही. बोलण्याचा सुमारे दोनतृतीयांश वेळ माणसांविषयी, नात्यांविषयी जात होता, आणि त्यात कुणाला नावं ठेवण्याचा भाग अगदी थोडा, पाच टक्क्यांच्या आतला होता.

अमेरिकेत मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात लोकांना पैशांचा एक खेळ पाहायला बसवलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. खेळणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याचा विश्वासघात करतो हे दिसताच पाहणाऱ्यांचे ठोके वाढले. मग काहींना पुढच्या खेळाडूला चिठ्ठी पाठवण्याची मुभा दिली: ‘हा माणूस भरवशाचा नाही.’ ज्यांना ती मुभा मिळाली त्यांची अस्वस्थता कमी झाली. दुसऱ्या एका प्रयोगात अशी चिठ्ठी पाठवायला पदरचे पैसे मोजावे लागत होते, तरी लोकांनी पाठवली. यातलं सगळ्यांत महत्त्वाचं मला हे वाटतं की जी माणसं स्वभावाने अधिक परोपकारी होती, त्यांनाच गप्प बसणं जास्त जड गेलं. पाठीमागे बोलणारा प्रत्येक जण मनाने हलका असतो, हा समज इथे टिकत नाही.

रागाची गोष्ट आणखी थेट आहे. एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी झुरिकमध्ये २४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. त्यातली हवी तेवढी सामायिक पेटीत टाकायची. पेटीत पडलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला ३२ मिळतात. पण एकाने काहीच न टाकता बाकीच्या तिघांनी सगळं टाकलं, तर त्या एकाकडे ४४ होतात. गणेशोत्सवाची वर्गणी न देता आरतीला पुढे उभं राहावं, तसं. अशा खेळात फेरीगणिक पेटी रिकामी होत जाते, कारण देणाऱ्याला आपण मूर्ख ठरतोय असं वाटू लागतं. मग नियमात भर घातली: स्वतःचं एक नाणं खर्चून दुसऱ्याची तीन कापता येतील. गट दर फेरीला बदलत होते, तीच माणसं पुन्हा समोर येणार नव्हती, म्हणजे दंड करणाऱ्याला त्यातून फायदा शून्य. तरी पाचांपैकी चौघांहून अधिकांनी कधी ना कधी दंड केला आणि पेटी भरू लागली. काहीच न टाकणाऱ्याबद्दल काय वाटतं असं विचारल्यावर समोर आला तो राग.

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आमचं इंदूर देशात पहिलं येत राहिलं. त्याचं श्रेय आधी पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांचं, मग घरोघरी फिरणाऱ्या कचरागाड्यांचं आणि महापालिकेच्या दंडाच्या पावतीचं. पण रिकामं पाकीट रस्त्यावर टाकणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून ‘भैया, उठाओ इसे’ म्हणणारा जो कुणी असतो, तो झुरिकच्या प्रयोगातलं स्वतःचं नाणं खर्च करत असतो. उलट शिवी मिळण्याची शक्यता पत्करून तो बोलतो. अशा माणसाला आपण भांडखोर म्हणतो, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं, पण हेच हत्यार उलटंही फिरतं. बेनेडिक्ट हेरमान, क्रिश्चन थोनी आणि गेख्टर यांनी तोच खेळ जगातल्या १६ शहरांत खेळवला आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. बोस्टन आणि मेलबर्नमध्ये दंड मुख्यतः फुकट्यांना झाला. अथेन्स आणि मस्कतमध्ये मात्र जास्त देणाऱ्यांनाही दंड होऊ लागला. हा कोण मोठा शहाणा लागून गेला, आम्हाला कमीपणा आणणारा! तिथे पेटी भरली नाही. जिथे कायद्यावरचा विश्वास कमी आणि नागरिक म्हणून एकमेकांना सांभाळण्याचे संकेत ढिले, तिथे हा उलटा दंड अधिक आढळला. हा राग मत्सराच्या पोटातून येत असावा. मत्सराबद्दल २००९ मध्ये जपानमधल्या हिदेहिको ताकाहाशी यांच्या गटाने मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की आपल्यासारख्याच पण वरचढ माणसाबद्दल वाचताना वेदनेशी जोडलेला भाग जागा होतो, आणि त्याच माणसावर संकट आल्याचं कळलं की बक्षिसाने सुखावणारा भाग जागा होतो.

निंदेचंही तसंच. ‘तिने तीन महिने पैसे दिले नाहीत’ ही माहिती आहे. खरी की खोटी हे वही काढून पाहता येतं. ‘नवरा गेल्यावर बघा कशी फिरते’ यात कुणाचं संरक्षण होत नाही, कुणाचे पैसे वाचत नाहीत. दोन्ही वाक्यं त्याच ओट्यावर, त्याच आवाजात बोलली जातात, आणि दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याने आपल्या मराठी वस्त्यांतल्या एकट्या राहणाऱ्या बायकांचं, नोकरीवरून उशिरा परतणाऱ्या मुलींचं जगणं नकोसं केलं आहे. उपयोगी ठरलेली वृत्ती आपोआप चांगली होत नाही. उत्क्रांतीने आपल्याला निंदेची ओढ दिली, न्यायबुद्धी तिच्यासोबत दिलेलीच असेल असं नाही.

त्यात निंदेची पकड भारी चिवट. जर्मनीतल्या प्लोन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत राल्फ झोमरफेल्ड, मानफ्रेड मिलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की समोरच्याने आजवर कुणाला किती मदत केली याची पक्की नोंद हातात असतानाही लोकांचे निर्णय कानावर आलेल्या वाक्याने बदलत होते. पुढच्या वर्षी त्याच गटाने एकाच माणसाबद्दल अनेकांची मतं एकत्र दिली, तेव्हा चित्र सुधारलं: एखाददुसऱ्या खोट्या शेऱ्याचा जोर ओसरला आणि अंदाज खऱ्या वागण्याच्या जवळ आला. नुसत्या फॉरवर्डला हे लागू नाही. पाच जणींनी तोच मेसेज पुढे ढकलला तर ती पाच मतं होत नाहीत, ते एकच मत पाच वेळा ऐकलेलं असतं. भिशी चालवणारीने नव्या नावाबद्दल विचारायचं तर ज्यांचं एकमेकींकडे जाणंयेणं नाही अशा दोघीतिघींना वेगवेगळं गाठावं, आणि विचारणं पैशांपुरतं ठेवावं: वेळेवर दिले का, नसतील तर अडचण काय होती, आणि पुढे फेडले का.